सेफ्टी शिकायची तर कुठे आणि कशी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या महिन्यात याच पानावर मी लिहिलं होतं की औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य हा मन लावून शिकण्याजोगा विषय आहे, पण करिअरच्या गप्पांत त्याचं नाव क्वचितच निघतं. त्यावर बरीच पत्रं आली. माझी सगळी नोकरी कारखान्यांतली धूळ आणि आवाज मोजण्यात गेली, आता मी इंडस्ट्रियल सेफ्टीच्या डिप्लोमाला शिकवते. त्या अनुभवातून उत्तरं देते आहे. एकसारखी पत्रं एकत्र केली आहेत आणि कंपन्यांची नावं काढली आहेत.

प्रश्न : मॅडम, मी जयसिंगपूरची. बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा शिरोलीच्या फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या भागांवरची वाळू आणि खरबरीत कडा घासून काढायला आहेत. मला सेफ्टीत जायचंय, पण आत्या-मामा सगळे म्हणतात, हे पोरींचं काम नाही, कारखान्यात हेल्मेट घालून ओरडत फिरावं लागतं. मी काय शिकू? बाबांना दोन वर्षांपासून खोकला आहे, मास्क मिळतो पण ते घालत नाहीत.

आधी बाबांचं बघू. त्यांना ईएसआयच्या दवाखान्यात घेऊन जा, आणि डॉक्टरांना ‘खोकला आहे’ एवढंच सांगू नका. ‘फाउंड्रीत फेटलिंगला इतकी वर्षं आहेत, वाळूच्या धुळीत काम करतात’ हे स्पष्ट सांगा. छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी करून घ्या, थुंकीही तपासा. वाळूतल्या सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, काम सोडल्यावरही वाढू शकतो, आणि अशा माणसाला टीबी लवकर गाठतो. खोकला साधाही असेल, पण हे तपासल्याशिवाय कळणार नाही. हे या आठवड्यातच करा.

मास्कचं म्हणशील तर बाबांवर रागावू नकोस. उन्हाळ्यात, भट्टीच्या शेजारी, हातात ग्राइंडर घेऊन आठ तास मास्क लावून बघितलेल्या माणसालाच तो का काढावासा वाटतो ते कळतं. आमच्या विषयात मास्कचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. आधी धोक्याची वस्तूच काढता येते का ते बघायचं, नाहीतर ती बदलायची, तेही जमत नसेल तर धूळ जिथे उठते तिथेच ओढून घ्यायची, मग कामाची पद्धत आणि वेळ बदलायची. हे सगळं करून जे उरतं त्याच्यासाठी मास्क. बऱ्याच ठिकाणी हा क्रम उलटा चालतो. मास्क वाटले की रजिस्टरवर सही होते आणि काम झालं असं धरतात. सेफ्टी शिकायची ती हा क्रम सरळ करायला.

आता तुझ्या शिक्षणाचं. केमिस्ट्री झालेल्या मुलीसाठी या विषयातला सगळ्यात चांगला दरवाजा इंडस्ट्रियल हायजीनचा आहे, म्हणजे कामाच्या जागची हवा, आवाज, उष्णता, रसायनं मोजायची आणि आटोक्यात आणायची. हे काम कसं असतं ते नीट सांगते, कारण तुझ्या आत्या-मामांनी ते पाहिलेलं नसणार.

सकाळची शिफ्ट सुरू व्हायच्या आधी कारखान्यात पोचायचं. फेटलिंगच्या कामगाराच्या कमरेच्या पट्ट्याला हातात मावेल असा छोटा पंप लावायचा. त्याची नळी पाठीवरून वर आणून कॉलरला एक बारीक सायक्लोन आणि फिल्टरची डबी अडकवायची, नाकापासून साधारण तीस सेंटिमीटरच्या आत, म्हणजे जी हवा तो श्वासात घेतो तीच फिल्टरमधून जाते. सायक्लोन जाड धूळ खाली पाडतो आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारी बारीक धूळ तेवढी फिल्टरवर येते. पंपाचा प्रवाह आधी तपासायचा आणि संध्याकाळी पुन्हा, दोन्हींत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला तर नमुना टाकून द्यायचा. फिल्टरचं वजन आधी आणि नंतर, ग्रॅमच्या लाखाव्या भागापर्यंत आणि त्याहीखाली.

समजा मिनिटाला २.२ लिटर हवा आठ तास ओढली. ती झाली सुमारे १.०६ घनमीटर. फिल्टरवर ०.८ मिलिग्रॅम धूळ आली तर घनमीटरला ०.७५ मिलिग्रॅम. त्या धुळीत क्वार्ट्झ, म्हणजे वाळूतला स्फटिकरूप सिलिका, ३० टक्के निघालं. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत मर्यादेचं सूत्र होतं : १० भागिले क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २. म्हणजे १० भागिले ३२, सुमारे ०.३१. तुझ्यासमोरचा माणूस मर्यादेच्या दुपटीहून जास्त धूळ घेतो आहे, हे आता तू कागदावर दाखवू शकतेस. ‘इथे फार धूळ आहे’ हे मालकाला सगळेच सांगतात. आकडा ठेवल्यावर त्याला उत्तर द्यावं लागतं.

यात ओरडत फिरणं कुठे आलं? तरीही पोरींचं काम नाही म्हणणाऱ्यांना ॲलिस हॅमिल्टन यांच्याबद्दल सांग. अमेरिकेतल्या या डॉक्टर १९१० च्या सुमाराला इलिनॉय राज्यातल्या शिशाच्या कारखान्यांत स्वतः हिंडल्या, कामगारांच्या घरी जाऊन विचारपूस केली आणि कुणाला कुठल्या कामातून शिशाची विषबाधा झाली हे दाखवून दिलं. १९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने शिकवायला नेमलेल्या त्या पहिल्या महिला. त्याच विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत तेव्हा मुलींना प्रवेशही नव्हता.

पायऱ्या अशा. सुरक्षा अधिकाऱ्याच्या आजवरच्या नियमांत भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्राच्या पदवीधराला कारखान्यात पर्यवेक्षक म्हणून पाच वर्षांचा अनुभव मागितला आहे, इंजिनिअरिंगच्या पदवीला दोन वर्षं. त्याशिवाय सरकारमान्य औद्योगिक सुरक्षेची पदविका हवी. म्हणून पदवी झाल्यावर केमिकल किंवा फाउंड्रीच्या प्रॉडक्शनमध्ये नोकरी धर. नुसती लॅबमधली नोकरी अनुभवात धरतील का, हे घेण्याआधीच विचार. मग एडीआयएस, म्हणजे ॲडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्थेत तो आहे आणि तिथे हवेचे नमुने घेणं हाताने शिकता येतं. पाच वर्षं ऐकून घाबरू नकोस, त्या वर्षांत तू जे बघशील ते वर्गात कुणी शिकवत नाही.

प्रश्न : चाकणला मेकॅनिकल डिप्लोमावर सुपरवायझर आहे, चार वर्षं झाली. मित्र म्हणतात नेबॉश कर, दुबईला लगेच नोकरी. काही जण एडीआयएस सांगतात. पैसा एकाच कोर्सपुरता आहे.

एडीआयएस. विचार करायचंही कारण नाही, जर इथे राहायचं असेल.

नेबॉश ही ब्रिटिश संस्थेची परीक्षा आहे आणि अभ्यासक्रम चांगला आहे. आखाती देशांतले ठेकेदार ती मागतात हेही खरं. पण आपल्याकडे सुरक्षा अधिकारी म्हणून कायद्याने नेमणूक व्हायची तर राज्य सरकारने मान्य केलेली पदवी किंवा पदविकाच लागते, नेबॉश तिची जागा घेत नाही. महाराष्ट्रात तंत्रशिक्षण मंडळाच्या संलग्न संस्थांतही एडीआयएस चालतो, म्हणजे सायनच्याच जागांवर अवलंबून राहायला नको. नोकरी चालू ठेवून कोर्स करता आला तर तो होईतो इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला लागणारा पाच वर्षांचा अनुभवही तुमचा पुरा होतो, वेळ अगदी जुळली आहे. नेबॉश नंतर कंपनीच्या पैशाने करा, बऱ्याच मोठ्या कंपन्या ते देतात.

मागणीचं विचारलंत तर ती वाढणारी आहे. जुन्या कारखाना कायद्यात हजार कामगारांच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी सक्तीचा होता, शिवाय धोकादायक म्हणून सरकारने ठरवलेल्यांना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत तो आकडा ५०० वर आला आहे, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्याला २५० आणि बांधकामालाही २५०. राज्याचे नियम कसे येतात त्यावर लक्ष ठेवा, पात्रतेच्या अटी तिथेच असतात.

इंजिनिअरिंगची पदवी पुढे घेणार असाल तर तिरुचिरापल्लीच्या एनआयटीत औद्योगिक सुरक्षेचं एम.टेक. आहे. कोचीच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात सेफ्टी आणि फायरचं बी.टेक. आहे. बारावीच्या मुलांनी आपल्या नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय विसरू नये, पण तिथला विषय आग हाच आहे, कारखान्यातली धूळ आणि यंत्रं हा वेगळा अभ्यास.

प्रश्न : नाशिकहून एक आई. मुलगा बारावी नापास. ‘फायर अँड सेफ्टी’चा सहा महिन्यांचा डिप्लोमा, शंभर टक्के नोकरी, अशी जाहिरात आहे. भरू का फी?

ताई, भरू नका, निदान पुढची गोष्ट केल्याशिवाय. संस्थेत जा आणि विचारा की या कोर्सला मान्यता कुणाची आहे. मंडळाचं किंवा विद्यापीठाचं नाव लेखी घ्या, मग त्या मंडळाच्या यादीत संस्थेचं नाव स्वतः शोधा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नाशिकच्या कार्यालयातही विचारता येतं. ‘भारत सरकार नोंदणीकृत’ असं पाटीवर लिहिलेलं असलं तरी ती नोंदणी दुकानाची किंवा कंपनीचीही असू शकते, कोर्सच्या मान्यतेशी तिचा काही संबंध नसतो. असल्या कोर्सवर मुलं बांधकामाच्या साइटवर सेफ्टी स्टुअर्ड म्हणून लागतात, पगार कमी आणि पुढे वाढायला वाव नाही. मुलाने आधी बारावी पुरी करावी किंवा आयटीआयला जावं. फिटर किंवा इलेक्ट्रिशियन झालेला मुलगा पुढे डिप्लोमा करून सेफ्टीत आला तर तो सगळ्यांपेक्षा सरस ठरतो, कारण यंत्र उघडून बघितलेलं असतं.

प्रश्न : वाळूजला एडीआयएस करतोय. सगळा वेळ कलमं पाठ करण्यात जातो. प्रोजेक्टला ‘पॉवर प्रेसची सुरक्षा’ घेतलं आहे. लाइट कर्टन, म्हणजे यंत्राच्या तोंडाशी प्रकाशकिरणांचा पडदा, बसवा असं सुचवणार आहे. ठीक आहे का?

विषय उत्तम. पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या यंत्रावर, बोटं जाणं हे आपल्या वाहन उद्योगाच्या पट्ट्यातलं रोजचं दुखणं आहे. पण लाइट कर्टनचं सुचवण्याआधी प्रेसचा क्लच बघितलास का?

जुन्या मेकॅनिकल प्रेसला बहुतेक वेळा की-क्लच असतो. पेडल दाबलं की पूर्ण फेरा होणारच, रॅम, म्हणजे वरून खाली आपटणारा भाग, मध्ये थांबवता येत नाही. लाइट कर्टन हात आला की ‘थांब’ म्हणून सिग्नल देतो, पण हा प्रेस थांबूच शकत नाही. त्या प्रेसवर कर्टन लावला तर कामगार विश्वासाने हात घालेल आणि बोटं जातील. तिथे डायच्या, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याच्या, भोवती पक्का गार्ड हवा, ज्यातून पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही. कर्टन शोभतो तो मधेच थांबणाऱ्या, न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) क्लच-ब्रेकच्या प्रेसला, आणि तिथेही थांबायला किती वेळ लागतो ते मोजून कर्टनचं अंतर ठरवायचं. अशी चूक प्रोजेक्टमध्ये दर वर्षी असते. कारण मुलं कॅटलॉग वाचून लिहितात.

म्हणून तुला एकच काम सांगते. एक प्रेस निवड आणि पूर्ण शिफ्ट त्याच्यापाशी उभा राहा, वही घेऊन, परवानगी काढून, कामगाराला कशासाठी आलो आहे ते सांगून. हात आत कधी जातो ते टिप. तुला दिसेल की दर फटक्याला जात नाही. पीस डायमध्ये अडकला की जातो. तेल जास्त लागलं की पीस चिकटतो, मग जातो. चिमटा दिलेला असतो, पण त्या पत्र्याला तो धरतच नाही, म्हणून बाजूला ठेवलेला असतो. जेवणाआधीच्या शेवटच्या अर्ध्या तासात आकडा पुरा करायचा असतो तेव्हा जास्त जातो. पेडल एकदा दाबल्यावर प्रेस दोनदा आपटला असं कधी झालं का, हे ऑपरेटरला विचार. तो लगेच सांगणार नाही, दुपारच्या चहाला सांगेल. क्लचची स्प्रिंग तुटलेली किंवा ब्रेक लायनर झिजलेलं असलं की असं होतं, आणि ते मेंटेनन्सच्या वहीत नसतं.

एवढं टिपलंस की उपाय आपोआप दिसायला लागतात. पीस आपणहून खाली पडेल असा डाय, पीस ढकलणारा इजेक्टर, बाहेरूनच पत्रा सरकवायची स्लाइड. हात आत घालायची गरजच संपवायची. हे डाय बनवणाऱ्या टूलरूमशी बोलून होतं, सेफ्टीच्या केबिनमध्ये बसून होत नाही. अहवालात चिमट्याचा आणि त्या दोनदा आपटण्याचा उल्लेख असेल तर परीक्षक तो अहवाल वाचेल.

कलमांचं म्हणशील तर ती पाठ करावीच लागतात, पण ती कुठून आली ते कळलं की लक्षात राहतात. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला मिथाइल आयसोसायनेट सुटलं, त्यानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं अख्खं प्रकरण घातलं गेलं. कारखान्यातल्या धोक्यांची माहिती कामगारांना आणि आजूबाजूच्या वस्तीला द्यायची, कामगारांसह सुरक्षा समिती करायची, जीव धोक्यात दिसला तर कामगाराने ते सांगायचा हक्क, हे सगळं त्यातलं. त्या रात्री काय काय माहीत नव्हतं त्याची एक यादी कर आणि शेजारी ही कलमं लिही. दोन्ही रकाने जुळतात.

प्रश्न : सांगलीत जनरल प्रॅक्टिस करते. एमबीबीएस. शेजारच्या एमआयडीसीतले पेशंट येतात. या विषयात काही शिकता येईल का?

नक्की, डॉक्टर. एमबीबीएस झालेल्यांसाठी एएफआयएच, म्हणजे असोशिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ हा तीन महिन्यांचा कोर्स आहे. सायनच्या संस्थेत होतो, इतरत्रही होतो. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात वैद्यकीय अधिकारी व्हायला औद्योगिक आरोग्याचं असं प्रशिक्षण लागतं. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था या विषयातलं संशोधन करते, त्यांच्या प्रशिक्षणांवरही लक्ष ठेवा.

पण कोर्सची वाट न बघता उद्यापासून एक करता येईल. इटलीतल्या मोडेना गावचे डॉक्टर बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली वैद्यांना सांगितलं की रोग्याला विचारायच्या प्रश्नांत ‘तू काम काय करतोस?’ हा प्रश्न घाला. आपल्या केसपेपरवर व्यवसायाच्या पुढे ‘नोकरी’ किंवा ‘मजुरी’ असतं. त्याऐवजी ‘बॅटरीच्या कारखान्यात प्लेटा घासतो’ असं लिहिलं की पोटदुखी आणि रक्त कमी असणं यांच्यामागे शिसं असेल हे सुचतं. आणि सिलिकोसिस, शिशाची विषबाधा, आवाजाने आलेलं बहिरेपण हे कायद्याने कळवायचे आजार आहेत. कारखान्याच्या कामगारात असा आजार दिसला तर तपासणाऱ्या डॉक्टरने कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवायचं असतं. फार कमी डॉक्टर कळवतात, म्हणून कागदावर हे आजार दिसतच नाहीत. तुम्ही कळवा.

प्रश्न : गेल्या वर्षी कोर्स संपवून तारापूरकडे सेफ्टी ऑफिसर झालो. ईटीपीच्या, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या, टाकीत गाळ काढायला कॉन्ट्रॅक्टची माणसं उतरवायची होती. आतला वायू तपासायचा मीटर बंद होता. प्लांट हेड म्हणाले, ‘झाकण सकाळपासून उघडं आहे, वास पण येत नाही, परमिटवर सही कर.’ मी केली नाही, काम दुसऱ्या दिवशी झालं, पण आता माझ्याशी कुणी धड बोलत नाही. कोर्समध्ये हे शिकवलं नव्हतं. परमिटचा, म्हणजे टाकीत उतरायच्या लेखी परवानगीचा, कोरा नमुना सोबत पाठवला आहे.

तुम्ही बरोबर केलंत. हे मी अगदी मनापासून सांगते आहे, कारण तुम्हाला हे अजून कुणी सांगितलं नसेल.

‘वास येत नाही’ या वाक्याने आजवर किती जीव घेतले असतील. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास असतो, पण शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. म्हणजे वास येईनासा होणं हीच धोक्याची वेळ असू शकते. हा वायू हवेपेक्षा जड असतो, तळाला बसतो, झाकण उघडं ठेवल्याने जात नाही. गाळ ढवळला की आणखी सुटतो. एक माणूस पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. गटारात आणि टाक्यांत एकाच वेळी दोन-तीन माणसं जातात ती अशी.

आता संबंधांचं. सुरक्षा अधिकाऱ्यांच्या नियमांत त्याला वरिष्ठ अधिकाऱ्याचा दर्जा आहे आणि त्याने थेट कारखान्याच्या प्रमुखाच्या हाताखाली काम करायचं असतं. त्याच्या कामाला बाध येईल असं दुसरं काम त्याला देता येत नाही. ते नियम छापून जवळ ठेवा, पण लगेच दाखवू नका. आधी प्लांट हेडना भेटून नुसतं ‘नाही’ म्हणण्याऐवजी किती वेळात ‘हो’ होईल ते सांगायची सवय लावून घ्या : दुसरा मीटर इतक्या वाजता येतोय, ब्लोअर तोवर लावतो, माणसाला वर ओढायची तिपाई आणि विंच तयार ठेवतो, चार वाजता माणसं उतरतील. प्रॉडक्शनच्या माणसाला वेळ कळली की त्याचा राग अर्धा होतो. झालेली गोष्ट सुरक्षा समितीच्या पुढच्या बैठकीत मांडा, कुणाचं नाव न घेता, ‘मीटर बंद पडला तर पर्याय काय’ या विषयाखाली, आणि ती इतिवृत्तात येईल असं बघा. कॉन्ट्रॅक्टच्या त्या माणसांशीही बोला. आत काय असतं हे त्यांना त्यांच्या भाषेत कुणी सांगितलेलं नसतं. सुरक्षा अधिकाऱ्याला बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी ही अट नियमांत त्यासाठीच आहे.

पुन्हा तसा दबाव आला आणि सही करायची वेळ आली तर परमिटवरच लिहा : ‘वायूची तपासणी झालेली नाही, प्रवेशास परवानगी नाही’, खाली वेळ. प्रत स्वतःकडे.

आणि तुमच्या परमिटच्या नमुन्यात वायूच्या तपासणीला एकच रकाना आहे. तो बदलून घ्या. वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणच्या नोंदी हव्यात. प्रत्येक ठिकाणी आधी ऑक्सिजन, जो १९.५ टक्क्यांच्या खाली चालणार नाही, मग ज्वलनशील वायू, मग हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड. मीटर शेवटचा कधी तपासला ती तारीख, बाहेर उभ्या राहणाऱ्या माणसाचं नाव, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर परत उतरण्याआधीच्या तपासणीला वेगळी ओळ. तुमच्या नमुन्यात सकाळचीच नोंद दिवसभर चालते.